नोकरी-संसार सांभाळणाऱ्या प्रौढांना दूरशिक्षणातून मानवी भूगोल शिकवता येतो का? कसा शिकवावा?

शिकवता येतो. कॉलेजच्या पोरांपेक्षा प्रौढांना तो लवकर कळतो, कारण निम्मा विषय ते जगून आलेले असतात. आपल्याकडे मात्र त्यांच्या हातात गाइड आणि 'महत्त्वाचे प्रश्न' देऊन वाटेला लावतात, याचा मला संताप येतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर मी मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला रविवारची संमंत्रण सत्रं, म्हणजे समोरासमोरचे मार्गदर्शन वर्ग, घ्यायचो. स्थलांतराच्या प्रकरणाला फळ्यावर २०११च्या जनगणनेचे दोनच आकडे लिहिले : दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ स्त्रिया, मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. मागे बसलेल्या एक अंगणवाडीसेविका म्हणाल्या, "सर, हे तर माझ्या रजिस्टरात आहे." पुढच्या सत्राला त्या आपल्या वाडीचा हाताने काढलेला नकाशा घेऊन आल्या. प्रत्येक घराशी लिहिलेलं : पुरुष कुठे असतो, बाईचं माहेर कुठलं. जुनी माणसं परळ-लालबागला, त्यांची मुलं नालासोपारा, दिवा. बायका मात्र बहुतेक आसपासच्या गावांतल्या. जवळच्या स्थलांतरात स्त्रिया जास्त असतात, हे रॅव्हेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेवरून मांडलं. बाईंनी ते त्याचं नाव ऐकण्याआधी मांडलं होतं. तिकडच्या बायका घरकामाला, कारखान्यात जात; आमच्या लग्न होऊन येतात. हा फरकही वर्गानेच काढला.

मग मी विचारलं, २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या घटली आणि मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली, तर माणसं गेली कुठे? एसटीतले एक कंडक्टर लगेच म्हणाले, "खोली विकून ठाण्याकडे." त्या दशकात ठाणे जिल्हा सुमारे ३६ टक्क्यांनी वाढला होता, आणि नालासोपारा तेव्हा ठाण्यातच मोडायचा.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो नकाशा स्वाध्याय म्हणून धरायला नकार दिला. प्रमाण नाही, उत्तर दिशा नाही, पुस्तिकेतलं उत्तर नाही. प्रमाण आणि दिशा एका बैठकीत शिकवता येतात हो! वाडीकडे असं बघायला कुठली पुस्तिका शिकवते? मी तेव्हाही भांडलो, आजही माझं तेच म्हणणं आहे : गुण आधी निरीक्षणाला, मग व्याख्येला.

म्हणून प्रकरण वाचायच्या आधी प्रश्न पाठवा. तलाठी, आशाताई, दूधसंस्थेचा सचिव, प्रत्येकाकडे कसली ना कसली नोंदवही असते. तिच्यातून काय दिसतं ते फोनवर मागवा आणि समोरासमोरचा वेळ फक्त तुलनेसाठी ठेवा. तासाभराचे व्हिडिओ रात्रपाळीहून आलेला माणूस बघत नाही.

हवामानशास्त्र आणि सांख्यिकीची प्रात्यक्षिकं या वाटेने होत नाहीत, तिथे शेजारी बसावंच लागतं. परीक्षेपुरते रॅव्हेनस्टाइनचे नियमही पाठ करून घ्या, पेपर तेच विचारतो. आणि नोंदवहीतली नावं नकाशावर येऊ देऊ नका. घरक्रमांक पुरेत, नाहीतर त्या सेविकेला गावात उत्तरं द्यावी लागतील.