स्पॅनिश आणि आंतरराष्ट्रीय संज्ञापन ही जोडपदवी घ्यावी का? तयारी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की बारावी कला शाखेतून झाली आहे, ब्रिटनमध्ये स्पॅनिश आणि आंतरराष्ट्रीय संज्ञापन (इंटरनॅशनल कम्युनिकेशन) अशी चार वर्षांची पदवी दिसते आहे, स्पॅनिशचा एक शब्दही येत नाही. मग ती घ्यावी का, आणि अवघड काय जातं?

घ्या, पण आधी तासांचा हिशोब करा. संज्ञापनाचा भाग मेहनती विद्यार्थी वाचून-लिहून पार करतो. पदवीचं वजन ठरतं ते तिसऱ्या वर्षी परदेशात जाताना तुमची स्पॅनिश कुठवर पोहोचलेली असते यावरून.

अशा पदवीत साधारणपणे दोन वर्षं विद्यापीठात, तिसरं स्पॅनिश बोलणाऱ्या देशात आणि चौथं परत विद्यापीठात असतं. नवशिक्यांची तुकडी वेगळी असते, तिला 'अब इनिशिओ' म्हणतात. ती नसेल तर तो अभ्यासक्रम तुमच्यासाठी नाही. असेल तर विद्यापीठाला ईमेल करून एवढंच विचारा: पहिल्या दोन वर्षांत भाषेचे प्रत्यक्ष वर्ग आठवड्याला किती तास? क्रेडिटच्या आकड्यावर जाऊ नका. ब्रिटनमध्ये २० क्रेडिट म्हणजे २०० तास, पण त्यात तुमचा घरचा अभ्यासही धरलेला असतो. समजा आठवड्याला ४ तास आणि वर्षाला २४ आठवडे, तर दोन वर्षांचे होतात १९२. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना स्पॅनिश कामापुरती यायला ६०० ते ७५० वर्गतास धरते. ही दरी विद्यापीठ भरून देत नाही. म्हणून प्रवेश सप्टेंबरमध्ये असेल तर मार्चपासूनच सुरुवात करा. रोज एक तास, त्यातला निम्मा ऐकण्याचा. सहा महिन्यांत १८० तास होतात, म्हणजे जवळपास विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या वर्गांइतके.

आणि हे तास घालवताना स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. यावर माझा फार भर आहे, कारण मराठी मुलं हाताशी असलेली चावी टाकून इंग्रजीच्या खिडकीतून आत शिरायला बघतात.

'मला आंबे आवडतात' हे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये ते 'मे गुस्तान लोस मांगोस'. दोन्हींकडे आवडणारा माणूस 'मला' या रूपात आहे आणि क्रियापद आंब्यांच्या वचनाप्रमाणे चालतं. एकच आंबा असेल तर 'गुस्ता', म्हणजे 'आवडतो'. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांत यासाठी अख्खा धडा असतो. तुम्हाला तो एका ओळीत कळतो. तसंच 'मी घर बघितलं' पण 'मी मारियाला बघितलं'. माणसाला 'ला' लागतो, घराला लागत नाही. स्पॅनिशमध्ये 'वी ला कासा' पण 'वी आ मारिया'. तो 'आ' म्हणजे आपला 'ला'च. भूतकाळाच्या दोन रूपांवर इंग्रजी भाषक वर्षभर अडखळतात; आपल्याकडे 'गेलो' आणि 'जात असे' आहेतच, तिकडे 'फुई' आणि 'इबा'. 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' यातलं 'यावंस' म्हणजे 'किएरो के वेंगास' मधलं 'वेंगास'. सगळीकडे जोडी इतकी नेटकी जुळत नाही, पण सुरुवातीची भीती यातून जाते.

उच्चारातही फायदा आहे. स्पॅनिश 'त' आणि 'द' दंत्य आहेत, 'प', 'त', 'क' मध्ये हकार नाही, स्वर पाचच. इंग्रजीच्या सवयीने 'टोडो' म्हणू नका, 'तोदो' म्हणा.

अडतं ते आघातावर. मराठीत शब्दाच्या कोणत्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर द्यायचा याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान तिकडे जातच नाही. स्पॅनिशमध्ये 'तेर्मिनो' या एकाच अक्षरांचे तीन शब्द होतात. 'ते'वर जोर दिला तर 'संज्ञा' किंवा 'शेवट', 'मि'वर दिला तर 'मी संपवतो', शेवटच्या 'नो'वर दिला तर 'त्याने संपवलं'. इथे मी देवनागरीत लिहितोय, पण तुमच्या वहीत स्पॅनिश कधीही देवनागरीत उतरवू नका. आघाताची खूण तिथे हरवते आणि चूक पक्की होते. नवा शब्द लिहिला की जोराच्या अवयवाखाली रेघ मारा आणि तो मोठ्याने तीनदा म्हणा. दुसरी अडचण एकेरी आणि दुहेरी 'र'ची: 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. तिसरी 'असणे'साठीच्या दोन क्रियापदांची: 'एस अबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता अबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलाय. या चुका पहिल्या सहा महिन्यांत मोडल्या नाहीत तर चौथ्या वर्षापर्यंत राहतात.

संज्ञापनाच्या अर्ध्या भागात जागतिक वृत्तसंस्था, माध्यमांची मालकी, आंतरसांस्कृतिक व्यवहार आणि बऱ्याच ठिकाणी अनुवाद असतो. यात लॅटिन अमेरिकेचा वाटा मोठा आहे आणि भारताचाही. बातम्यांचा प्रवाह श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकतर्फी वाहतो, ही तक्रार १९७० च्या दशकात अलिप्त राष्ट्रांनी लावून धरली. युनेस्कोने नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला. त्या आयोगात कोलंबियाचे गाब्रिएल गार्सिया मार्केस होते आणि भारताचे बी. जी. व्हर्गीसही. निबंधासाठी हा विषय घेतलात तर दोन्ही बाजूंची माहिती तुमच्याकडे असेल, आणि तशी ती असणारे विद्यार्थी वर्गात फार नसतात.

व्यवहाराच्या पातळीवर चुका बारीक असतात पण महागात पडतात. इंग्रजी 'बिलियन' म्हणजे १०० कोटी, ते स्पॅनिशमध्ये 'मिल मियोनेस'. स्पॅनिश 'बियोन' म्हणजे एक लाख कोटी. बातमीत ही चूक झाली की आकडा हजारपट होतो. पत्रात मायन्यानंतर स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम येतो. 'तू' आणि 'उस्तेद' हे आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे वाटतात, पण 'उस्तेद'ला क्रियापद तृतीय पुरुषाचं लागतं. शिवाय अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'वोस' असतं आणि बोगोटात घरच्या माणसांनाही 'उस्तेद' म्हणताना ऐकू येतं. 'कोहेर' हे स्पेनमध्ये 'घेणे, पकडणे' असं रोजचं क्रियापद. मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते अश्लील आहे. वीस देशांची राजभाषा शिकताय, तेव्हा एका देशाची स्पॅनिश बोलण्यासाठी निवडा आणि बाकीच्यांची ऐकून समजेल इतकी ओळख ठेवा.

स्पॅनिश किती येते हे दाखवणारी परीक्षा कोणती? देले किंवा सिएले. देलेचं प्रमाणपत्र कायमचं, सिएलेचं पाच वर्षांचं. युरोपात भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत जातात; बी१ आणि बी२ मधल्या. देलेच्या बी२ पातळीत वाचन आणि लेखन मिळून ५० गुण, श्रवण आणि संभाषण मिळून ५०. प्रत्येक जोडीत किमान ३० हवेत. आपल्याकडची मुलं पहिल्या जोडीत ४५ मिळवतात आणि दुसरीत २८ वर अडकतात. एकूण ७३ होऊनही ती नापासच. म्हणून संभाषणाचा सराव शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. तिसऱ्या वर्षाला निघण्यापूर्वी बी१ पक्की असावी आणि परतल्यावर बी२ द्यावी, असा बेत ठेवा.

तिसरं वर्ष स्पेनमध्ये काढणार असाल तर भारतीय पासपोर्टवर स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा लागतो. ब्रिटनचा व्हिसा तिथे चालत नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर मागच्या पाच वर्षांत राहिलात त्या देशांचे पोलीस दाखले लागतात, म्हणजे भारताचाही आणि ब्रिटनचाही. भारतीय कागदांचा क्रम असा: आधी गरजेप्रमाणे राज्यात प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का, मग स्पेनच्या मान्यताप्राप्त शपथबद्ध अनुवादकाकडून अनुवाद. अनुवाद आधी केलात तर अपोस्टिलचा शिक्का अनुवादात येत नाही आणि पुन्हा पैसे जातात. गुणपत्रिकांचं अपोस्टिल भारतातून निघतानाच करून घ्या. पोहोचल्यावर महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. त्याची आगाऊ वेळ, म्हणजे 'सीता प्रेविया', मोठ्या शहरांत सहज मिळत नाही. विमानाचं तिकीट काढलं की लगेच शोधायला लागा.

एक खास महाराष्ट्रीय अडचण नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर बहुतेक वेळा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. स्पॅनिश फॉर्मवर मात्र 'पहिलं आडनाव' आणि 'दुसरं आडनाव' असे दोन रकाने असतात, कारण तिथे वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावतात. दुसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव भरू नका, तो रिकामा सोडा. पासपोर्टवर जसं आहे अक्षरशः तसंच सगळीकडे लिहा. एका फॉर्मवर वेगळं गेलं की ओळखपत्र, बँक खातं आणि विद्यापीठाची नोंद एकमेकांशी जुळत नाहीत.

ब्रिटनचा खर्च झेपणारा नसेल तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशची बी. ए. ऑनर्स आहे. प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेतून होतो, आधी स्पॅनिश यायची अट नाही. तिथे भाषेचे तास जोडपदवीपेक्षा जास्त मिळतात, आणि देलेसाठी स्पेन सरकारची भाषासंस्था इन्स्टितुतो सेर्वान्तेस त्याच शहरात आहे. संज्ञापन नंतर पदव्युत्तर पातळीवर घेता येतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा विभागच आहे. खर्च सोसणार असेल तरी हे दोन रस्ते कागदावर शेजारी मांडून भाषेचे तास मोजा आणि मगच अर्ज भरा.