मधल्या रेघेचा हिशेब

प्रश्न : काका, मी कळव्याला घरी शिवणकाम करते. नवरात्र जवळ आलं की अंब्रेला (पूर्ण गोल) घेराच्या घागऱ्यांच्या ऑर्डरी येतात. कंबर २६ इंच आणि उंची ३६ इंच असेल, तर कमरेचा गोल कापताना कोपऱ्यापासून किती इंचावर खूण करायची? मी जुना कागदी पॅटर्न ठेवून अंदाजाने कापते. खाली लेस किती लागेल हेही गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं, तिथे तर नेहमीच गडबड होते.

उत्तर : ताई, तुमच्या हातात आहे परीघ आणि तुम्हाला हवी आहे त्रिज्या. शाळेत सगळं उलटं असतं, तिथे त्रिज्या आयती मिळते. व्यवहारात ती कुणी आणून देत नाही. कंबर असो, झाड असो की पाण्याचा ड्रम असो, टेप बाहेरून गुंडाळायची आणि हाताला लागेल ते माप घ्यायचं. वागळे इस्टेटमध्ये पत्रा आणि लेथ यांच्यात माझं आयुष्य गेलं, पण त्रिज्येचं माप घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही.

परीघ म्हणजे त्रिज्येची दुप्पट गुणिले पाय (π, साधारण ३.१४), म्हणजे त्रिज्येच्या ६.२८ पट. म्हणून २६ ला ६.२८ ने भागा. उत्तर येतं ४.१४, टेपवर बघितलं तर चार इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पण ही शिलाईची रेघ झाली, कात्रीची नव्हे. बेल्ट लावायला अर्धा इंच दाब, म्हणजे शिलाईपुरतं जादा कापड, ठेवणार असाल, तर कात्री साडेतीन इंच एक सुतावरून चालवायची. इथे दाब आतल्या बाजूला, म्हणजे कोपऱ्याकडे जातो. पुष्कळ जणी तो बाहेर धरतात आणि मग कंबर सैल होते. शिवाय गोलात काही ठिकाणी कापड उरेब, म्हणजे तिरकं, येतं आणि ओढलं की ताणतं. म्हणून शंका असेल तर सुताभर आतच कापा. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

खूण करताना कापडाची चौपदरी घडी करा. टेपचं टोक घडीच्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबून धरा आणि दुसऱ्या हातातला खडू मापावर टेकवून टेप एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवा. अंगठा हलला की गोलाचं अंडं झालंच म्हणून समजा. कापडाचा पन्ना, म्हणजे रुंदी, ४४ इंच असेल तर एवढा घेर अखंड निघणार नाही. दोन अर्धगोल कापून जोडावे लागतील, त्याला साधारण सव्वाचार मीटर कापड धरा.

आता लेस. खालच्या गोलाची त्रिज्या ४.१४ अधिक ३६, म्हणजे ४०.१४ इंच. तिला ६.२८ ने गुणलं की २५२ इंच, म्हणजे २१ फूट किंवा ६.४ मीटर. जांभळी नाक्याला घ्यायला जाल तेव्हा पावणेसात मीटर सांगा, जोडाला आणि मुरडीला लागते. एक आकडा मात्र मापवहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा : उंची एक इंच वाढली की लेस सव्वासहा इंच वाढते. कंबर २२ असो की ४२, वाढ तेवढीच. दोन इंच उंच घागरा हवा असेल तर साडेबारा इंच लेस जास्त, पुन्हा पहिल्यापासून मांडायची गरज नाही.

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशन शॉपमध्ये अप्रेंटिस आहे. १० एमएम जाडीच्या पट्टीची रिंग करायची होती, आतला व्यास ६०० एमएम. ६०० ला ३.१४ ने गुणून १८८४ एमएम पट्टी कापली. रोल केल्यावर दोन तोंडांत फट राहिली. सुपरवायझर म्हणाले, ‘जाडी कुठे गेली?’ आणि निघून गेले.

उत्तर : सुपरवायझर बरोबर बोलले, थोडं थांबून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पट्टी वाकवली की तिची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. ज्या रेघेची लांबी बदलत नाही ती जाडीच्या साधारण मध्यावर असते. म्हणून लांबी काढताना आतला व्यास धरू नकोस आणि बाहेरचाही नको. आतला व्यास अधिक एक जाडी धर. ६०० अधिक १० म्हणजे ६१०, गुणिले ३.१४१६, म्हणजे १९१६ एमएम. तू ३२ एमएम कमी कापलीस, फट तेवढीच राहिली असणार. बाहेरचा ६२० धरला असतास तर १९४८ आले असते आणि तोंडं एकमेकांवर चढली असती.

तीन रोलरच्या मशीनवर दोन्ही टोकं थोडी सरळच राहतात. तेव्हा टोकं आधी वाकवून घे, नाहीतर पट्टी जास्त लांब ठेवून रोल झाल्यावर सरळ भाग काप. ही वाढीव लांबी वेगळी धरायची. ती १९१६ मध्ये आलेली नाही.

प्रश्न : वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत पिंपळाभोवती गोल पार बांधला. बाहेरचा व्यास १४ फूट, मध्ये मातीसाठी सोडलेला गोल ६ फुटांचा, म्हणजे बसायची पट्टी ४ फूट रुंद. ठेकेदाराने वरच्या फरशीचं बिल १७६ चौरस फुटांचं दिलं आहे. त्याचं म्हणणं असं की बाहेरचा घेर ४४ फूट, त्याला रुंदी ४ ने गुणलं. कमिटीत कुणाला यात चूक दिसत नाही, पण आकडा मोठा वाटतो.

उत्तर : आकडा मोठाच आहे. ४४ फूट घेर पाराच्या फक्त बाहेरच्या कडेला आहे. आतल्या कडेला तो १९ फुटांच्याही खाली जातो. ठेकेदाराने सगळी पट्टी बाहेरच्या कडेएवढी लांब धरली.

बरोबर रीत अशी. मोठ्या गोलाचं क्षेत्रफळ काढा : त्रिज्या ७, तिचा वर्ग ४९, गुणिले ३.१४१६, म्हणजे १५४ चौरस फूट. लहान गोलाची त्रिज्या ३, वर्ग ९, क्षेत्रफळ २८.३. वजा केलं की १२५.७ राहतात. बिलात पन्नास फूट जास्त लागले आहेत.

ही वजाबाकी कमिटीच्या मीटिंगमध्ये गळी उतरवणं कठीण जाईल, म्हणून दुसरी वाट सांगतो. वरच्या अप्रेंटिसला सांगितली तीच मधली रेघ इथे घ्या. पट्टीच्या बरोबर मधोमध, दोन्ही कडांपासून दोन-दोन फुटांवर, खडूने गोल काढा. त्याचा व्यास १० फूट, घेर ३१.४ फूट. त्याला रुंदी ४ ने गुणा, १२५.७ येतात. हे जवळपासचं उत्तर नाही, तंतोतंत तेच आहे. गोल पट्टी कुठलीही असो, मधल्या रेघेचा घेर गुणिले रुंदी म्हणजे तिचं क्षेत्रफळ. ठेकेदाराला पारावर उभं करून टेपने तो घेर मोजून दाखवा, वाद होणार नाही.

त्याची बाजूही सांगतो. चौकोनी फरशी गोलाईत कापली की तुकडे वाया जातात आणि त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. ते ‘कटिंग वेस्टेज’ म्हणून बिलात वेगळ्या ओळीत यावेत, क्षेत्रफळात लपून नव्हे. आणि पाराच्या उभ्या भिंतीला बाहेरून फरशी लावली असेल, तर तिथे मात्र त्याचे ४४ फूट बरोबर आहेत. भिंत दीड फूट उंच असेल तर ६६ चौरस फूट होतात, ते तुमच्या बिलात धरलेत का तेही बघा.

व्यास १४ फूट नक्की आहे ना? झाड मध्ये असताना टेप आरपार जात नाही. बाहेरून घेर मोजून ३.१४१६ ने भागा.

प्रश्न : मी ऐरोलीला नववीत आहे. पायची किंमत २२/७ घ्यायची की ३.१४? आणि क्षेत्रफळाचं सूत्र पाठ आहे, पण त्रिज्येचा वर्ग तिथे येतो कुठून?

उत्तर : परीक्षेत प्रश्नात दिली असेल ती किंमत घे, पहिलं म्हणजे मार्क. त्रिज्या ७, १४, २१ असेल तर २२/७ ने भागाकार सुटसुटीत जातो. दोघांत खऱ्या किमतीच्या जास्त जवळ २२/७ आहे. एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात २२/७ ने परीघ सव्वा मीटर जास्त येतो, ३.१४ ने दीड मीटरहून थोडा जास्तच कमी पडतो. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि ही किंमत ‘आसन्न’, म्हणजे जवळची आहे, हेही त्याच श्लोकात सांगून टाकलं. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत दोन किमती आहेत : सूक्ष्म कामाला ३९२७/१२५० आणि व्यवहाराला २२/७. मला ही विभागणी फार आवडते. कारखान्यातही तेच चालतं, लेथवर एक आणि भंगार मोजताना दुसरी.

आता वर्ग. कागदाचा गोल कापून त्याच्या सोळा पाचरी कर आणि एक उलटी, एक सुलटी अशा शेजारी-शेजारी लाव. जवळजवळ आयत होतो. त्याची उंची त्रिज्येएवढी आणि लांबी अर्ध्या परिघाएवढी, कारण निम्म्या पाचरींच्या कडा वर गेल्या आणि निम्म्यांच्या खाली. अर्धा परीघ म्हणजे पाय गुणिले त्रिज्या. त्याला उंचीने, म्हणजे पुन्हा त्रिज्येने गुणलंस की वर्ग आला. लीलावतीत हेच ‘परीघ गुणिले व्यासाचा चौथा भाग’ असं आहे, करून बघ, उत्तर एकच येईल.

वरचा पाराचा प्रश्नही वाच. आतलं भोक लहान-लहान करत शून्यावर आण. मग पट्टीची रुंदी म्हणजे आख्खी त्रिज्या, आणि मधली रेघ अर्ध्या त्रिज्येवर. तिचा घेर गुणिले त्रिज्या किती होतं, ते वहीत मांड.

प्रश्न : घणसोलीला आमच्या घरात पाणी कमी दाबाने येतं. प्लंबर म्हणतो, अर्धा इंची लाईनच्या जागी एक इंची टाका, दुप्पट पाणी येईल. खरं आहे?

उत्तर : तो कमीच सांगतोय. व्यास दुप्पट झाला की तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं. एका एक इंची पाईपएवढं तोंड हवं असेल तर अर्धा इंची चार लागतील. तरीही ते चार मागे पडतील, कारण पाणी पाईपच्या भिंतीला घासत जातं आणि चार लहान पाईपांचा आतला घेर मिळून एका मोठ्याच्या दुप्पट भरतो. पण आधी गच्चीवर जाऊन टाकीपासून तुमच्या फ्लॅटपर्यंत येणारी लाईन किती इंची आहे ते बघा. तीच अर्धा इंची असेल तर फक्त घरातली बदलून हाताला फारसं काही लागणार नाही.