विमान अगदी डोक्यावरून जाताना धावपट्टीजवळ उभं राहणं कितपत सुरक्षित आहे?

तुमचा प्रश्न असा : साताऱ्याहून डिसेंबरात थायलंडातल्या फुकेतला जाताय, तिथल्या माई खाओ किनाऱ्यावर विमानं डोक्यावरून उतरतात, नऊ वर्षांच्या विमानवेड्या लेकाला तिथे उभं करावं का, विमान अंगावर तर येणार नाही ना?

अंगावर येण्याची भीती जवळजवळ सोडून द्या. भ्यायचंच तर विमानाच्या पाठीला भ्या. घोड्याच्या मागं आणि साहेबाच्या पुढं उभं राहू नये म्हणतात. साहेबाचं तुमचं तुम्ही बघा, घोड्याचं मात्र इथे तंतोतंत लागू आहे.

उतरणारं प्रवासी विमान साधारण 3 अंशांच्या उतारानं येतं, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे 52 मीटर खाली. पाच किलोमीटर अलीकडे ते साताऱ्यातून अजिंक्यताऱ्याचा माथा दिसतो साधारण तेवढ्या उंचीवर असतं, आणि धावपट्टीच्या टोकावर 15 मीटरच्या आसपास. फोटोत दिसतं तितकं ते डोक्याला घासत नाही. लांब लेन्सची ती करामत. शिवाय उतरताना इंजिनाचा जोर बराच कमी केलेला असतो. वारं लागेल, वाळू उडेल, टोपी जाईल. पंखांच्या टोकांशी तयार होणारे भोवरे मागाहून खाली येतात; लंडनच्या हीथ्रोजवळ त्यांनी घरांची कौलं उचलली आहेत. उघड्या किनाऱ्यावर उडायला कौलं नाहीत, पण छत्री रोवून बसू नका. मुलाच्या कानात कापसाचे बोळे नकोत, आवाज रोखणारे चांगले इअरमफ घ्या.

आता पाठीची गोष्ट. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उडतं. म्हणजे ज्या टोकावरून विमानं आत उतरतात, त्याच टोकाला दुसरी विमानं उड्डाणासाठी येऊन उभी राहतात, शेपूट तुमच्याकडे करून. आकाशाकडे बघणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही. उड्डाणाच्या पूर्ण जोरात इंजिनामागचा झोत मोठ्या माणसालाही उचलून फेकतो. कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेन बेटावर माहो किनारा आहे, अशा फोटोंसाठी जगप्रसिद्ध. तिथे कुंपणाला धरून झोत अंगावर घ्यायची लोकांना हौस. धोक्याचे फलक लावलेले होते, तरीही 12 जुलै 2017 रोजी न्यूझीलंडची एक 57 वर्षांची बाई कुंपणावरून मागे फेकली गेली, डोकं काँक्रीटवर आपटलं आणि ती गेली. अंगावर विमान पडलं नव्हतं, तर पाठमोरं विमान निघून गेलं होतं.

फुकेतची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि किनारा पश्चिम टोकाला. नोव्हेंबर ते एप्रिल वारे बहुधा ईशान्येचे, त्यामुळे तुमच्या डिसेंबरात समुद्रावरून उतरणारी विमानं दिसायची शक्यता चांगली. पण त्याच हिशेबानं उडणाऱ्यांची पाठही किनाऱ्याकडेच. म्हणून कुंपणाशी आणि धावपट्टीच्या सरळ रेषेत थांबू नका, बाजूला सरका. फोटोही तिथूनच चांगला येतो, पोटाखालून नुसतं पोट येतं. 2019 मध्ये धावपट्टीच्या टोकाशी सेल्फी काढण्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी मनाईची घोषणा केली होती, कायद्यातली कमाल शिक्षा मृत्युदंडापर्यंत आहे ही बातमी तेव्हा गाजली. तेव्हा तिथला रखवालदार सांगेल ती रेषा मानायची, हुज्जत नाही. ड्रोन घरीच ठेवा.

आणि खरं सांगू का, माझं हाड मोडलं ते कराडात. आमची कराडची धावपट्टी 1950 च्या दशकातली, कोयना धरणाच्या कामासाठी केलेली, जेमतेम सव्वा किलोमीटर. शिकाऊ पोरांची एका पंख्याची विमानं फेऱ्या मारायची, मी कुंपणाबाहेर बांधावरून कॅमेरा डोळ्याला लावून त्यांच्यामागं वळत होतो. वळता वळता दोन पावलं मागं सरलो आणि उसाच्या भिजवलेल्या सरीत गेलो. घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर. विमान केव्हाच उतरलं होतं, पोरगा हँगरकडे चालत निघालाही असेल. आमच्या म्हातारीचं एवढंच म्हणणं होतं की, वर बघत चालणाऱ्याला विहीर शोधावी लागत नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे : जोडीला एक माणूस असा न्यायचा ज्याला विमानात काडीचा रस नाही. तो जमिनीकडे बघतो. तुमच्या घरात ते कोण, हे तुम्हाला ठाऊकच असेल. लेकाचा हात त्याच्या हातात द्या.

फुकेतआधी एखाद्या सकाळी कराडला घेऊन या त्याला. गाडी रस्त्याच्या वळणावर लावू नका, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत येतात आणि त्यांना ब्रेक उशिरा लागतो.