बेसबॉलच्या मैदानावर कॉलेज फुटबॉल खेळवताना नेमकी अडचण काय येते?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे काही सामने बेसबॉलच्या स्टेडियममध्ये होतात, मैदान तर चांगलं ऐसपैस दिसतं, मग त्यावरून एवढी चर्चा का होते? असा एक सामना मी तिथे बसून पाहिलाय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी एक खुलासा. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, तालमींचे संघ आणि पायाने खेळायचा चेंडू. इथे विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. लांबट चेंडू छातीशी धरून जीव खाऊन पळायचं आणि समोरच्याने झेप घालून आडवं करायचं, असा तो खेळ. पळणारा माणूस शंभर किलोचा असू शकतो आणि शेवटची रेषा ओलांडली तरी तो लगेच थांबू शकत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर येऊन ठेपतं.

फुटबॉलचं मैदान आयताकृती असतं. दोन्ही टोकांचे एंड झोन, म्हणजे चेंडू घेऊन पोचलं की गुण मिळतात ते पट्टे, धरून लांबी ३६० फूट, रुंदी १६० फूट. बेसबॉलचं मैदान उघडलेल्या पंख्यासारखं. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून, काटकोनात दोन रेषा निघतात आणि दूरवर भिंतीला मिळतात. शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल स्टेडियमवर या रेषांची लांबी डावीकडे ३५५ फूट आणि उजवीकडे ३५३ फूट आहे. म्हणजे ३६० फुटांचा आयत रेषेच्या आत मावतच नाही. तो मागे, डगआउटच्या (खेळाडू बसतात त्या छपराखालच्या जागेच्या) बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात सरकवावा लागतो आणि रिग्लीत ती पट्टीही अरुंद आहे. पंख्यात पाट मांडायचा म्हटलं की कुठला तरी कोपरा टेकणारच.

२० नोव्हेंबर २०१० ला तिथे इलिनॉय विरुद्ध नॉर्थवेस्टर्न असा दोन विद्यापीठांचा सामना झाला. १९७० नंतर रिग्लीवर पहिल्यांदाच फुटबॉल होत होता. मी तेव्हा इलिनॉयमध्ये शिकत होतो आणि आम्ही पाच-सहा जण भल्या पहाटे निघून शिकागोला पोचलो. दारावरची ती प्रसिद्ध लाल पाटी नॉर्थवेस्टर्नच्या जांभळ्या रंगात रंगवली होती. आमच्या जागा उजव्या आउटफील्डच्या (मैदानाच्या लांबच्या भागाच्या) भिंतीवरच्या बाकांवर, म्हणजे बरोबर पूर्वेकडच्या एंड झोनच्या डोक्यावर होत्या. खाली वाकून पाहिलं आणि पोटात गोळाच आला. एंड झोनची मागची पांढरी रेषा आणि भिंत यांच्यात जेमतेम फुटाभराचं अंतर. विटांची भिंत, तिच्यावर वेल आणि वर पॅड बांधलेले. गोलपोस्टला जमिनीत रोवायला जागाच उरली नव्हती, म्हणून तो भिंतीलाच बसवला होता.

या दोन्ही विद्यापीठांचे संघ ज्यात खेळतात त्या बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने सामन्याच्या आदल्या दिवशी निर्णय दिला की दोन्ही संघ आक्रमण पश्चिमेकडेच करतील. म्हणजे कुणाच्याही हातात चेंडू आला की चेंडू उचलून मैदानाच्या दुसऱ्या बाजूच्या तेवढ्याच यार्डावर न्यायचा, सगळ्यांनी जागा बदलायच्या आणि पुन्हा पश्चिमेकडे तोंड करून खेळायला लागायचं. आपण गल्लीत क्रिकेट खेळताना जागा नाही म्हणून एकाच बाजूने बॉलिंग करतो, तसं. मला तो निर्णय तेव्हाही पटला आणि आजही पटतो. त्या मुलांना हे खेळायचे पगार मिळत नव्हते. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला विटांच्या भिंतीच्या दिशेने पळायला लावणं कुठल्याही तिकीटविक्रीसाठी योग्य ठरत नाही. शिवाय यात एक न्यायही होता. जवळच्या मिशिगन सरोवरावरून येणारा वारा दोन्ही संघांना सारखाच सोसावा लागला.

पण नियमात एक फट राहिलीच. बचाव करणाऱ्याने चेंडू मध्येच पकडला तर तो उलट दिशेला पळणार, त्याला कोण अडवणार? नॉर्थवेस्टर्नच्या ब्रायन पीटर्सने नेमकं तेच केलं. आमचा पास पकडला आणि थेट आमच्या दिशेने सुटला. खरं तर मी दुसऱ्या संघाचा, मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या काही सेकंदांत मी फक्त भिंतीकडे पाहत होतो. शेजारची अनोळखी बाईही पुटपुटत होती, 'स्लो डाउन, स्लो डाउन'. टचडाउन झाला, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये पोचून गुण मिळाले, तो सुखरूप थांबला आणि आमचा श्वास मोकळा झाला. त्या एंड झोनमध्ये दिवसभरात झालेला तो एकमेव टचडाउन. सामना इलिनॉयने ४८-२७ असा जिंकला. आमचा मिकेल लेशूर त्या दिवशी ३३० यार्ड पळाला, पण जवळजवळ सगळा आमच्याकडे पाठ करून.

लहानपणी आम्ही वाड्याच्या चौकात खेळायचो. एका टोकाला दगडी कट्टा होता. त्या बाजूला चेंडू गेला की पाय आपोआप मंद व्हायचे, कुणी सांगावं लागायचं नाही. खरा तोटा हाच. भिंत माहीत असलेला खेळाडू मनातल्या मनात आधीच ब्रेक दाबतो आणि या खेळात अर्धं पाऊल मंद झालं तरी ती झेप चुकते.

रिग्लीला हे नवं नव्हतं. व्यावसायिक फुटबॉलचा शिकागो बेअर्स संघ १९२१ ते १९७० तिथेच खेळत होता. त्यांचं मैदान उत्तर-दक्षिण आखलेलं असायचं. एका टोकाला डाव्या बाजूची भिंत आणि दुसऱ्या टोकाच्या एंड झोनचा कोपरा डगआउटने खाल्लेला. त्यांचा ब्रॉन्को नागुर्स्की एकदा त्या भिंतीवर जाऊन आदळला आणि म्हणाला की शेवटच्या माणसाने फारच जोरात मारलं, अशी आख्यायिका लोक अजून सांगतात.

आता जमिनीचं. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर उभा राहतो तो उंचवटा १० इंचांचा असतो. तो सपाट करायचा, धावताना गाठायचे बेस काढायचे आणि इनफील्डच्या, म्हणजे बेसच्या आसपासच्या, दाबून बसवलेल्या मातीवर गवताच्या लाद्या अंथरायच्या. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत त्या लाद्यांची मुळं खाली धरत नाहीत, म्हणून जाड कापलेल्या, वजनाने जागेवर बसणाऱ्या लाद्या लागतात. तरी जुन्या आणि नव्या गवताचा सांधा पायाला कळतो. जोरात वळताना बूट एका बाजूला रुतला आणि दुसऱ्या बाजूला घसरला की गुडघ्याचं काय होतं ते कुठल्याही खेळाडूला विचारा.

संघांच्या जागेचा प्रश्नही आहे. बाजूची एक रेषा कठड्याला इतकी चिकटते की दोन्ही संघांना एकाच बाजूला उभं राहावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल स्टेडियमवर कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कलीचा संघ २०११ मध्ये घरचे बहुतेक सामने खेळला, कारण त्यांच्या स्वतःच्या स्टेडियमचं काम चालू होतं. तिथे असंच होतं. एरवी समोरासमोर असणारे प्रशिक्षक शेजारी-शेजारी, अर्ध्या-अर्ध्या लांबीत कोंबलेले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चाललेला खेळ त्यांना नीट दिसतही नाही. आणि कपडे बदलायच्या खोल्या? त्या बेसबॉलच्या पंचवीस-सव्वीस जणांसाठी बांधलेल्या. कॉलेज फुटबॉलचा संघ त्याच्या तिप्पट-चौपट आणि प्रत्येकाचं सामान पोतंभर.

एवढं असून खेळवतात का? कधी गरज म्हणून, कधी पैसा आणि वलय म्हणून. बेसबॉल संपला की ही स्टेडियम्स हिवाळाभर रिकामी पडतात, त्यामुळे न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर २०१० पासून पिनस्ट्राइप बोल (हंगामाअखेरचा खास सामना) आणि बॉस्टनच्या फेनवे पार्कवर २०२२ पासून फेनवे बोल होतो. यांकी स्टेडियमचा तर जुना वारसा आहे. १९४६ चा आर्मी-नोट्र डेमचा ०-० सामना त्याच नावाच्या जुन्या स्टेडियमवर झाला होता. मला हे सामने बंद व्हावेत असं मुळीच वाटत नाही. रिग्लीची मधल्या काळात मोठी दुरुस्ती झाली आणि २०२१ मध्ये नॉर्थवेस्टर्न-पर्ड्यू सामन्यात दोन्ही टोकांकडे खेळता आलं. २०२४ मध्ये नॉर्थवेस्टर्नचं स्वतःचं स्टेडियम पाडून नवं बांधणं चालू असताना ओहायो स्टेट आणि इलिनॉयविरुद्धचे सामने तिथेच झाले. जागा आधी मोजून, खर्च करून तयारी केली तर जमतं. २०१० मध्ये तो हिशोब आदल्या दिवशी पक्का झाला, माझी तक्रार तेवढीच आहे.

तुम्ही कधी असा सामना पाहायला गेलात तर होम प्लेटमागची खालची तिकिटं घेऊ नका. बेसबॉलसाठी त्या सर्वांत महागड्या जागा, पण फुटबॉलला तिथून मैदान तिरकं दिसतं आणि लांबचं टोक डोक्यांच्या आड जातं. वरच्या मजल्यावर, रेषेच्या बाजूला बसा. स्वेटर दोन घाला, टोपी विसरू नका आणि सामना सुरू होण्याआधी एकदा खाली जाऊन भिंत आणि रेषा यांच्यातलं अंतर स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.