मिशिगनला विजेतेपद मिळवून देऊन सोळा दिवसांत निघून गेला, मग हार्बॉ गद्दार नाही का?

तुम्ही विचारलंय की, एकही सामना न हरता, 15-0 असा हंगाम संपवून, 8 जानेवारी 2024 ला राष्ट्रीय विजेतेपद जिंकून मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ 24 तारखेला चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे निघून गेला, ही गद्दारी नाही का? आणि आता मिशिगनचं काय होणार?

गद्दारी नाही. हा शब्द मी तेरा वर्षांची असताना माझ्या बाबांसाठी वापरलेला ऐकलाय, म्हणून रात्रीचे अकरा वाजले तरी लिहायला बसले आहे.

बाबा कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर कामाला होते. पाळी सुटली की चार वाजता सायकल थेट कॉलेजच्या ग्राउंडवर. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कोल्हापूरकरांनी अंदाजही बांधू नयेत. सहा वर्षं त्यांनी तिथला फुटबॉल संघ सांभाळला, महिना पाचशे रुपये मानधनावर, आणि तेही जूनचं दिवाळीला मिळायचं. कागदोपत्री ते कुणीच नव्हते. संघाच्या फोटोत कडेला उभे, आणि खाली प्रशिक्षक म्हणून नाव दुसऱ्याचं.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिलाय त्यांना कॉलेजचा संघ बांधणं काय असतं ते सांगायला नको. एक पोरगा पाटाकडीलचा, दुसरा प्रॅक्टिसचा, तिसरा दिलबहारचा, चौथा खंडोबाचा, म्हणजे एकमेकांशी भिडणाऱ्या तालमींच्या संघांतले. आदल्या दिवशी शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या अंगावर गेलेली पोरं दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या जर्सीत एकमेकांना पास द्यायला तयार नसायची. बाबांनी काय केलं, तर तालमींच्या जोड्या लावल्या. पाटाकडीलच्या पोरानं प्रॅक्टिसच्या पोराला डबलसीट घेऊन ग्राउंडवर यायचं, परत घरी सोडायचं, आणि महिनाभरानं जोडी बदलायची. पहिल्या वर्षी भांडणं झाली, दुसऱ्या वर्षी कमी झाली. तिसऱ्या वर्षी एकाच्या बहिणीच्या लग्नात दुसऱ्या पेठेतला पोरगा पंगतीत वाढत होता, हे मी स्वतः पाहिलंय.

1998 ला दिवाळीच्या आधी ते विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फायनलला पोचले. शून्य-शून्य, मग टायब्रेकर. बाबांकडे एक लांबट वही होती, दुकानदार उधारीला वापरतात तसली. समोरच्या संघाचे आधीचे सामने गॅलरीत बसून बघायचे आणि कोण पेनल्टी कुठल्या बाजूला मारतो ते लिहून ठेवायचं, ही त्यांची सवय. माझा चुलत भाऊ, दादा, गोलकीपर होता. त्यानं दोन अडवल्या, दोन्ही वहीत लिहिलेल्या बाजूला. गुलालानं बाबांची पांढरी टोपी इतकी लाल झाली की ती पुन्हा पांढरी झालीच नाही.

विसाव्या दिवशी आम्ही पुण्याला निघालो. एका निवासी शाळेत क्रीडाशिक्षकाची कायम नोकरी, राहायला खोल्या, फंड. कॉलेजला बाबांनी दोनदा लेखी अर्ज केला होता, कायम करा म्हणून. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही. फायनल जिंकल्यावर सत्कारात शाल आणि नारळ दिला, आणि मानधन पाचशेच.

दादाचे वडील म्हणजे माझे थोरले काका. त्यांनी चौकात, सगळ्यांसमोर बाबांना गद्दार म्हटलं. "पोरांना वाऱ्यावर सोडून पैशाच्या मागं गेला." पुढच्या वर्षी संघ पहिल्याच सामन्यात हरला, आणि काकांना तो पुरावाच मिळाला. त्यानंतर कुठलंही लग्नकार्य असो, जेवणं झाली की हा विषय निघायचाच. आई दोन वर्षं दसऱ्याला कोल्हापूरला गेली नाही. बाबा मात्र जायचे, ऐकून घ्यायचे आणि परत यायचे.

आता मिशिगन. मी 2008 ला अॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या गावी, शिकायला आले आणि पहिल्याच हंगामात संघ 3-9, म्हणजे तीन जिंकले, नऊ हरले. एक लाखाहून जास्त माणसं बसणाऱ्या त्या स्टेडियममध्ये मी पाहिलेला पहिला सामना टोलेडोविरुद्धचा, तो आपण 13-10 असा हरलो. (आपण म्हणते, कारण पंधराहून जास्त वर्षं झाली आता.) हा फुटबॉल आपला नव्हे, चेंडू लांबट आणि हातात धरून पळायचं, पण स्टेडियममधून हरून बाहेर पडणाऱ्या गर्दीची शांतता मला ओळखीची होती.

हार्बॉ 2014 च्या डिसेंबरअखेर आला तेव्हा घरचा पोरगा आला म्हणून सगळे नाचले. तो इथलाच जुना क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू), त्याचे वडील जॅक सत्तरच्या दशकात इथेच सहायक प्रशिक्षक. आणि मग सलग पाच वर्षं तो कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटकडून हरला. 2018 ला 62-39, 2019 ला 56-27. 2020 चा कोविडचा हंगाम तर 2-4. तेव्हा हीच माणसं, जी आज गद्दार म्हणतात, ती त्याला काढा म्हणत होती. विद्यापीठानं काढलं नाही, पण जानेवारी 2021 ला नवा करार करताना मूळ पगार साधारण निम्म्यावर आणला. त्यानं सही केली आणि राहिला. त्यानंतर ओहायो स्टेटला ओळीनं तीनदा हरवलं, आणि 2021 च्या हंगामात मिळालेलं बक्षिसाचं मानधन कोविडमध्ये पगारकपात झालेल्या तिथल्या कर्मचाऱ्यांना वाटून टाकलं. 2022 च्या फेब्रुवारीत तो एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्जकडे मुलाखतीलाही जाऊन आला, उघडपणे. म्हणजे त्याला पुन्हा एनएफएलमध्ये जायचंय हे विद्यापीठाला, पोरांना, आम्हाला, सगळ्यांना माहीत होतं. 2013 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्ये, तो प्रशिक्षक म्हणून सख्ख्या भावाच्या संघाकडून 34-31 असा हरलाय. ते सलत असणारच. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एक दिवस घडली, तर तिला धोका कसं म्हणायचं?

ह्यूस्टनची फायनल आमच्याकडे सोमवारी रात्री, पुण्यात मंगळवारी पहाटे. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर ठेवला. डोनोव्हन एडवर्ड्सनं पहिल्याच सत्रात 41 आणि 46 यार्ड पळत दोन टचडाउन केले तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. नियम त्यांना अजून कळत नाहीत, पण मोकळी जागा कळते. वॉशिंग्टनला 34-13 हरवलं. काकाही तिथेच होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आलेले, एका डोळ्यावर पट्टी. जिंकल्यावर हार्बॉचे म्हातारे वडील मंचावर आले ते मी दोघांना दाखवलं. या जॅकनं स्वतः 2002 ला वेस्टर्न केंटकीला विजेतेपद मिळवून दिलं आणि त्या हंगामानंतर तो निवृत्त झाला, हेही सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं केलं. जिंकून उठावं."

पंधरवड्यानं हार्बॉ गेल्याची बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली. काकांचा फोन आला. "बघ पोरी, ह्यो बी तुज्या बासारकाच निघाला."

पंचवीस वर्षं आमच्या घरात कुणी उलटून बोललं नव्हतं. त्या दिवशी मी बोलले.

मी म्हटलं, काका, संघ सोडला म्हणता, तर कुठला संघ? जिंकलेल्या त्या संघातले कितीतरी खेळाडू आता एनएफएलकडे निघालेत. (पुढे एप्रिलमध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, तेरा निवडले गेले.) क्वार्टरबॅक मॅकार्थी गेला, फायनलचा हिरो ब्लेक कोरम गेला. त्यांना कुणी गद्दार म्हटलं नाही, उलट पेढे वाटले. पोरानं पुढं जायचं ती प्रगती आणि मास्तरानं पुढं जायचं तो विश्वासघात, हा कुठला न्याय? आणि तुमच्या त्या संघातही सात पोरं शेवटच्या वर्षाला होती. ती बाबा राहिले असते तरी गेलीच असती. पुढच्या वर्षी संघ हरला तो नवीन पोरांमुळे, आणि नवा माणूस न नेमता मैदान तसंच सोडणाऱ्या कॉलेजमुळे. ज्या संस्थेला माणूस टिकवायचा असतो ती हरत असताना पगार कापत नाही आणि जिंकल्यावर नारळावर भागवत नाही.

काका म्हणाले, "निदान पोरांना सांगून तरी जायचं."

म्हणून मी दादाला फोन केला. तो आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे, स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यानं सहज सांगितलं, की माझ्या बाबांनी फायनलच्या आधी आठ दिवस सगळ्यांना ग्राउंडवर गोल बसवून सांगितलं होतं. नेमणुकीचं पत्र खिशात होतं, ते वाचूनही दाखवलं. पोरांनी ठरवलं की जिंकूनच पाठवायचं. ती वही बाबांनी शेवटच्या दिवशी संघाच्या कॅप्टनकडे दिली. मी विचारलं, हे तू तुझ्या बाबांना का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "मला कुणी इचारलंच न्हाई की." पंचवीस वर्षं गद्दारीची चर्चा गॅलरीतल्या माणसांनी केली, आणि गोलात उभ्या असलेल्याला कुणी विचारलं नाही. मिशिगनच्या बाबतीतही मला हेच दिसतंय. त्याच्याविरुद्ध बोलणारे सगळे सीझन तिकीटवाले, त्याच्या हाताखाली खेळलेला एकही मी ऐकला नाही.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. हार्बॉ म्हणजे माझे बाबा नव्हेत. तो कोट्यवधी डॉलरवाला माणूस, विद्यापीठानं शेवटी त्याला मोठा करार देऊ केला होता, आणि तरी तो गेला. शिवाय डोक्यावर कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएची चौकशी होती. त्या हंगामात तो साखळीतले निम्मे, म्हणजे सहा सामने मैदानाबाहेर होता. पहिले तीन विद्यापीठानंच बसवलं, खेळाडू भरतीच्या नियमभंगामुळे. शेवटचे तीन बिग टेननं, म्हणजे मिशिगन ज्या गटात खेळतं त्यानं, समोरच्या संघाच्या खुणा चोरण्याच्या प्रकरणामुळे. सामना चालू असताना खुणा ओळखणं तिथं चालतं, पण पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना बघायला आधी माणूस पाठवायला 1994 पासून बंदी आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना पटेचना, कारण त्यांची अख्खी वही तशीच भरलेली. पण नियम तो नियम, आणि तिथला नियम हार्बॉला माहीत होता. ऑगस्ट 2024 ला भरतीच्या प्रकरणात त्याच्यावर चार वर्षांची बंदीसारखी कारवाई झाली, तोवर तो एनएफएलमध्ये सुरक्षित होता आणि निस्तरायला मागे राहिलेले होते. जाताना बचावाचा प्रमुख जेसी मिंटर आणि व्यायामाचा प्रमुख बेन हर्बर्ट यांनाही तो घेऊन गेला. यावर तुम्ही रागावला असाल तर तो राग मला मान्य आहे. पण तो 'नियम मोडले' म्हणून धरा, 'गेला' म्हणून नको.

मिशिगनचं काय होणार, हे मला तुमच्याइतकंच कळतं. 26 जानेवारीला सहायक प्रशिक्षक शेरॉन मूरला नेमलं, म्हणजे जागा दोनच दिवस रिकामी होती. हार्बॉ बाहेर असताना पेन स्टेट, मेरीलँड आणि ओहायो स्टेटला हरवलं ते मूरच्याच हाताखाली, त्यातली मेरीलँडची जीत मिशिगनची एकूण हजारावी. 2024 ला संघ 8-5 राहिला, क्वार्टरबॅक बरा सापडला नाही, पण कोलंबसला, त्यांच्याच घरी जाऊन ओहायो स्टेटला 13-10 हरवलं. तिकडे चार्जर्स आदल्या वर्षीच्या 5-12 वरून 11-6 वर आले. माझ्या मते 2024 च्या हंगामाअखेर दोन्हीकडे बरं चाललं होतं. पेन स्टेटच्या सामन्यानंतर मूर टीव्हीवर ढसाढसा रडत हार्बॉचं नाव घेत होता, ते तुम्ही पाहिलं असेलच.

हार्बॉ गेल्याचं बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी तो कुठे गेला, किती पगारावर, काहीच विचारलं नाही. "त्याच्या जागी कोण?" एवढंच विचारलं. मी मूरचं नाव सांगितलं, त्याच संघातला सहायक म्हणून. "मग ठीक आहे," म्हणाले. अजूनही शनिवारचा सामना झाला की पुण्यातून त्यांचा मेसेज येतो, मिशिगनचा स्कोअर विचारायला. चार्जर्सचं त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.