गोव्यात वेर्ण्यातल्या कारखान्याचा झूकीपरवर (काफ्काचा कारभार सांभाळणारी वेगळी सेवा) चालणारा जुना काफ्का (मेसेज साठवून पुढे पोचवणारी प्रणाली) थेट मुंबईच्या क्लाउडवर हलवावा का?

नको, कारखान्यातला क्लस्टर (काफ्काच्या सर्व्हरांचा गट) तिथेच ठेवा आणि मिररमेकर २ हे काफ्काचं नक्कल करणारं साधन वापरून लागतील तेवढेच टॉपिक (मेसेजचे विषयवार प्रवाह) क्लाउडवर पाठवा. मी याच औद्योगिक वसाहतीत हे काम सांभाळतो. पावसाळ्यात इंटरनेटची लाइन गेली की मशिनांचा डेटा स्थानिक ब्रोकरवर (काफ्काच्या सर्व्हरवर) साठतो, लाइन आली की पुढे जातो. म्हणून रिटेन्शनमध्ये, म्हणजे मेसेज किती काळ ठेवायचे त्यात, काटकसर अजिबात करू नका. कन्झ्युमर ग्रुपचे (मेसेज वाचणाऱ्या प्रोग्रामांच्या गटाचे) ऑफसेट, म्हणजे कुठवर वाचलं त्या खुणा, मात्र मिररमेकर आपणहून जुळवत नाही, ते सेटिंग चालू करावं लागतं. झूकीपर काढाच: मार्च २०२५ मध्ये आलेल्या काफ्का ४.० मध्ये तो नाही, त्यामुळे आधी ३.९ वर येऊन क्राफ्टवर (झूकीपरच्या जागी आलेली काफ्काची स्वतःची व्यवस्था) जा. एक लक्षात घ्या, क्लाउडवरची ही नक्कल थोडी मागे असते. स्थानिक क्लस्टरच गेला तर न पोचलेले मेसेज कायमचे हरवतात.