बास्केटबॉलच्या वेगवेगळ्या काळातल्या सेंटरांची (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंची) तुलना कशी करावी, आणि उंच मुलाला कुणाचं काय शिकवावं?

सर, तुम्ही विचारलंय की एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधले रसेल, चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार, हकीम, शॅकिल ओ'नील म्हणजे शॅक आणि योकिच यांच्यात खरा कौशल्यवान सेंटर कोण. शिवाय बीड जिल्ह्यातल्या तुमच्या शाळेच्या १७ वर्षांखालच्या संघात सहा फूट तीन इंचाचा मुलगा आहे, त्यानं कुणाकडं बघून शिकावं? आधी तुलनेचं बघू, मग लेकराचं.

आकडे जसेच्या तसे शेजारी मांडले की घोटाळा होतो. कुणी म्हणालं, सोयाबीन दोनशे पोती झालं, तर आपण लगेच विचारतो, रान किती एकर? रिबाउंडचाही, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याचाही, असाच एकरी उतारा काढावा लागतो. विल्ट चेंबरलेननं १९६१-६२ च्या मोसमात सामन्याला सरासरी २५.७ रिबाउंड घेतले. निकोला योकिचचे २०२३-२४ मध्ये १२.४, म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. पण चेंबरलेनच्या त्या मोसमात एकेक संघ सामन्याला सुमारे १०८ शॉट मारायचा, त्यातले ४३ टक्केच आत जायचे आणि दोन्ही संघांचे मिळून रिबाउंड १४३ च्या आसपास व्हायचे. २०२३-२४ मध्ये शॉट ८९, आत जाणारे ४७ टक्के, रिबाउंड ८७. त्यात चेंबरलेन जादा वेळ धरून सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, योकिच ३४.६. मैदानावर असताना मिळण्याजोग्या रिबाउंडपैकी किती घेतले हे काढलं, तर चेंबरलेन १८ टक्क्यांच्या आसपास येतो आणि योकिच २० च्या. म्हणून चेंबरलेन लहान ठरत नाही. त्याच मोसमातली ५०.४ गुणांची सरासरी हिशोबानं कितीही खाली आणली तरी थक्क करणारीच राहते. पण ‘आजच्या सेंटरांना रिबाउंडच घेता येत नाहीत’ हे बोलणं तेवढं खोटं पडतं.

ब्लॉकचं, म्हणजे शॉट हातानं अडवण्याचं, आणखी अवघड आहे. एनबीएनं १९७३-७४ च्या आधी ब्लॉक मोजलेच नाहीत, म्हणून ३,८३० ब्लॉकचा हकीमचा विक्रम रसेलशी ताडून बघायची सोयच नाही.

आणि नियम. त्या काळचा उंच सेंटर जॉर्ज मायकन रिंगखाली कुणाला आवरेना म्हणून १९५१ मध्ये पेंटची (रिंगसमोरच्या आखलेल्या पट्ट्याची) रुंदी ६ फुटांवरून १२ केली, चेंबरलेनच्या काळात १९६४ मध्ये १६. तीन गुणांची रेषा १९७९-८० ला आली. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक मात्र २००१-०२ नं पडला, कारण तेव्हापासून झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावाला, मुभा मिळाली. त्याआधी चेंडू हातात नसलेल्या माणसाला सोडून मधे घुटमळणं बेकायदा होतं, त्यामुळं हकीमला पोस्टमध्ये (रिंगजवळ, तिच्याकडं पाठ करून) एकास एक खेळायला जागा आणि वेळ मिळायचा. आज पहिला ड्रिबल मारायच्या आत दुसरा माणूस अंगावर येतो. योकिचचे पास हे त्याला दिलेलं उत्तर आहे, नुसता शौक नाही.

एवढं वजा करून माझं मत सांगतो. पायांच्या कामात हकीम ओलाजुवान पहिला, आणि दुसरा बराच मागं. नायजेरियात तो लहानपणी फुटबॉलचा गोलकीपर आणि हँडबॉल खेळाडू होता, ते त्याच्या पायांत दिसतं. एकाच शॉटचं म्हणाल तर करीमचा स्कायहूक, म्हणजे एका हातानं डोक्यावरून मारलेला उंच कमानीचा शॉट. पासिंग योकिचचं. बचावातली वेळ साधणं बिल रसेलचं. शॅकला लोक नुसता ताकदीचा समजतात, ते चूक आहे. एवढं वजन घेऊन त्याच्याइतक्या झटक्यात ड्रॉप स्टेप (पाय मागं टाकून रिंगकडं वळणं) टाकणारा दुसरा दाखवा.

आता तुमचा मुलगा. आपल्याकडचे सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात, आणि त्यात बचाव करणाऱ्याला पेंटमध्ये तीन सेकंदांचं बंधन नाही. म्हणजे बचावात तुमचा मुलगा पूर्ण वेळ पेंटमध्ये उभा राहू शकतो, आणि समोरचा उंच पोरगाही. म्हणून सुरुवात रसेलपासून करा. शूटरच्या हातातून चेंडू सुटल्यावरच उडी मारायची. आधी मारली की शूटर नुसती हूल देतो आणि फाउल लागतो. रसेल डावखुरा होता, त्यामुळं उजव्या हाताच्या शूटरसमोर त्याला हात अंगावरून आडवा न्यावा लागायचा नाही. तुमचा मुलगा उजवा असला तरी डाव्या हातानं ब्लॉक शिकवा. आणि फटका नाही, टप्पी द्यायला लावा. प्रेक्षकांत भिरकावलेला चेंडू परत त्यांनाच मिळतो, रसेल तो आपल्या माणसाकडं ढकलायचा. फिबात आणखी एक सवलत आहे: शॉटचा चेंडू एकदा रिंगला लागला की रिंगवरून तो हातानं काढून टाकता येतो. एनबीएत हे चालत नाही, त्यामुळं व्हिडिओत दिसणार नाही. रिंगला किंवा जाळीला हात लागू द्यायचा नाही, एवढं मात्र घोकून घ्या.

हल्ल्यात हकीमचा एकच डाव पुरे. पाठ रिंगकडं, पास घेताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर. हे महत्त्वाचं, कारण मग कुठल्याही पायावर पिव्होट करता येतो, म्हणजे तो पाय रोवून फिरता येतं. चेंडू हनुवटीखाली, कोपरं बाहेर. मधल्या बाजूला खांदा आणि डोकं वळवायचं, पाय जागेवर. क्षणभर थांबायचं. बचाववाल्याचं वजन तिकडं गेलं की बेसलाइनकडं (रिंगमागच्या रेघेकडं) फिरून शॉट. पोरं दोन ठिकाणी चुकतात: न थांबता घाई करतात, त्यामुळं समोरचा फसतच नाही, आणि ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटण्याआधी पिव्होटचा पाय उचलतात, मग ट्रॅव्हलिंगची चूक लागते.

स्कायहूक सध्या उगं शिकवत बसू नका. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर वारं सुटलं की एवढ्या उंच कमानीचा चेंडू भरकटतो. त्याऐवजी मायकन ड्रिल घ्या: रिंगखाली एकदा उजवीकडून उजव्या हातानं, एकदा डावीकडून डाव्या हातानं, चेंडू खाली न पडू देता आणि हनुवटीच्या खाली न आणता. तीस सेकंदांत बारा आत गेले की ठीक चाललंय म्हणा. करीमही शाळेत असताना यावरच तयार झाला. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी आठच्या आत उरका, आणि सिमेंटवर उड्यांचा सराव आठवड्यात दोनदाच. उंच वाढीच्या वयात गुडघ्याखालचं हाड लवकर दुखायला लागतं. दुखलं तर उड्या बंद, फ्री थ्रो (फाउलनंतर लाइनवरून मिळणारे मोकळे शॉट) चालू.

फ्री थ्रो रोज पन्नास. चेंबरलेनचे कारकिर्दीत ५१.१ टक्के, शॅकचे ५२.७, शॅकला तर मुद्दाम फाउल करून लाइनवर पाठवायचे. करीमचे ७२ टक्के होते, आणि तुमच्या मुलानं ६५ गाठले तरी अटीतटीच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्याला बाहेर बसवावं लागणार नाही.

व्हिडिओ दाखवताना वेग निम्म्यावर आणा आणि त्याला सांगा, चेंडूकडं बघू नको, हकीमचे पाय बघ.